घर मूळ स्थितीत परत करणे

घर सर्वांत स्वच्छ असते ते माणूस ते सोडून जातो त्या दिवशी, ही गोष्ट आता सर्वमान्य झाली आहे. राहत असताना जे कोपरे आपण पाहिलेसुद्धा नाहीत ते आपण निघताना गुडघे टेकून घासतो, आणि तेही अशा माणसासाठी, ज्याचे तोंड आपल्याला कधी दिसणार नाही. माणूस मुळात निःस्वार्थी आहे याचा याहून सबळ पुरावा मिळणे कठीण. (स्वतःसाठी हाच माणूस वर्षानुवर्षे पलंगाखालची चप्पल नुसती पायाने चाचपून काढतो.) यावरून काही विचारवंतांनी असा निष्कर्ष काढला की आरोग्याच्या दृष्टीने प्रत्येकाने कायम घर सोडतच राहावे. हा निष्कर्ष टेम्पोवाल्यांखेरीज कुणालाच न पटल्यामुळे, मधला मार्ग म्हणून 'घर सोडतानाची सफाई' हा व्यवसाय उदयास आला.

या व्यवसायात घरे दोन प्रकारची मानतात, लहान आणि मोठी. एका टोकाला उभे राहून हाक मारली आणि दुसऱ्या टोकाहून 'ओ' आली, तर घर लहान. हाक ऐकू जाते पण 'ओ' येत नाही, तर घर मोठे. चष्मेवाल्यांच्या घराची नोंद करताना मात्र सफाई कंपनीची पंचाईत झाली. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक माणूस तिरका उभा राहील एवढी बाल्कनी. 'जेवायला चला' ही हाक कुठूनही मारली तरी 'ओ' येत असे. 'जरा हे स्टूल धरा' या हाकेला मात्र हातभर अंतरावरूनही येत नसे. शेवटी फोनवरच्या मुलीने "सध्या मोठं लिहिते, लहान निघालं तर बघू" असे म्हणून विषय मिटवला.

चष्मेवाले म्हणजे चौकातल्या चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचा नंबर तपासणारे गृहस्थ. 'आता खालची ओळ वाचा' असे दिवसभर सांगून सांगून त्यांच्या स्वभावाला एक आशावाद चिकटला होता. माणसाला काही दिसत नसले तरी दिसेल, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांची बायको दाताच्या दवाखान्यात येणाऱ्याजाणाऱ्यांचे बघत असे. 'जरा दुखेल, मग बरं वाटेल' हे वाक्य ती इतक्या मायेने म्हणे, की संसारातले बहुतेक निर्णय चष्मेवाल्यांनी या एका वाक्यावर मान्य केले होते. दवाखान्याची नवी शाखा गावाच्या दुसऱ्या टोकाला निघाली, तिथे तिला मुख्य केले, आणि तिकडेच घर बघायचे ठरले.

"जरा दुखेल," ती म्हणाली.

नवे घर मिळाले. फक्त नवा मालक सावध माणूस होता. "जुन्या मालकीणबाईंनी मला फोन करून सांगायचं की घर नीट परत मिळालं," तो म्हणाला. "शनिवारी संध्याकाळपर्यंत. मग किल्ली. नाही आला फोन, तर दुसरं एक कुटुंब जिन्यातच उभं आहे असं समजा."

आता 'नीट' म्हणजे काय, हे करारात स्पष्ट होते. 'भाडेकरूने घर ज्या स्थितीत मिळाले त्याच स्थितीत परत करावे.' या कलमाचा उदात्तपणा पहिल्या वाचनात लक्षात येत नाही. काळाने काही केलेच नाही असे भिंतींनी दाखवायचे आहे. भाडेकरूबद्दल मात्र कलम उदार आहे. चष्मेवाले या घरात आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर केस होते. ते कमी होत गेले तसे तेल वाढत गेले, आणि आता डोक्यावर मुख्यतः तेलच होते. पण त्यांना मूळ स्थितीत परत करा, असे कुणीही म्हटले नाही.

सुरुवातीला दोघांनी स्वतःच सफाई करून पाहिली. दिव्याच्या बटणापाशी पेन्सिलची एक रेघ होती. चष्मेवाल्यांनी ती खोडरबराने खोडली. रेघ गेली आणि तिच्या जागी भिंतीचा मूळ रंग बाहेर आला, जो दोघांपैकी कुणीही पूर्वी पाहिलेला नव्हता. मळक्या भिंतीवर आता स्वच्छतेचा डाग दिसू लागला. तो लपवण्यासाठी त्यांनी भोवतालचा भाग पुसला, त्यामुळे डाग वीतभर झाला. मग हातभर. रविवारी दुपारी सुरू झालेले हे काम दिवेलागणीला दाराच्या चौकटीपाशी पोचले, तेव्हा बायको लांब उभी राहून म्हणाली, "पुरे. आता ही भिंत शेजारच्यांची वाटतेय."

म्हणून कंपनी.

शनिवारी सकाळी सगळे सामान टेम्पोत चढले आणि कंपनीची माणसे आली. प्रमुख एक ताई होत्या, सोबत दोन सहायक. ताई यजमानांकडे न बघता थेट कोपऱ्यांकडे बघत आत शिरल्या. माणसे खोटे बोलतात, कोपरे बोलत नाहीत, असा त्या व्यवसायातला अनुभव असावा.

"वाईट नाही," त्या म्हणाल्या. "परवा एका घरात फ्रिजच्या मागे दुसरा फ्रिज निघाला."

चष्मेवाल्यांना बरे वाटले. आपल्या घरात फ्रिज एकच आहे याचा अभिमान त्यांना यापूर्वी कधी वाटला नव्हता.

त्यानंतर जे झाले त्याला सफाई म्हणणे अपुरे ठरेल. सिंकखालची नळी उघडून तिचा भूतकाळ बादलीत काढण्यात आला. शेगडीमागच्या फरश्यांवर निळी फुले असल्याचे निष्पन्न झाले. (दहा भाडेकरूंपैकी नऊ जणांना ही फुले घर सोडतानाच दिसतात. दहाव्याला वाटते ती कंपनीने आणून चिकटवली.) कपाटांच्या मागून आणि दिवाणाच्या जागेवरून पुढील ऐवज मिळाला: टोपणे, पेनांशिवाय; घरातल्या एकाही कुलपाला न लागणारी एक किल्ली; एक मोजा, जो अजून आशेवर होता; आणि चष्मेवाल्यांचा स्वतःचा चष्मा, जो गेल्याबद्दल त्यांनी मेहुण्यावर संशय घेतला होता. (संशय तूर्त कायम ठेवण्यात आला आहे.)

शेवटी ताई दिवाणाच्या जागेमागच्या भिंतीसमोर थांबल्या. तिथे, माणूस बसला की डोके जिथे टेकेल तिथे, एक गोल तपकिरी डाग होता. चांगला ताटाएवढा, मधे गडद, कडेला फिकट होत गेलेला. सहायकांनी काम थांबवले. ताईंनी डागाच्या खाली बोट लावून वास घेतला.

"खोबरेल," त्या म्हणाल्या. "जुनं आहे. थरावर थर आहेत."

मग त्यांनी पिशवीतून एक छोटी बाटली काढली, जी त्या रोज काढत नसाव्यात, कारण सहायकांनी लगेच खिडकी उघडली. अर्ध्या तासात डाग गेला. नुसता गेला नाही, तर पुन्हा येऊ नये म्हणून भिंतीला वर दुसऱ्या बाटलीतले काहीतरी लावण्यात आले. "आता यावर तेल धरणारच नाही," ताई म्हणाल्या. "आठ दिवसांची हमी आहे आमची. डाग परत दिसला तर फुकट येऊन काढतो." एवढे बोलून त्या बादल्या उचलून खाली गेल्या.

घर आता इतके स्वच्छ होते की चष्मेवाल्यांना त्यात आपण शोभत नाही असे वाटू लागले. ते बाल्कनीत तिरके उभे राहिले.

मालकीणबाई वरच्या मजल्यावरून उतरल्या. वयाने सत्तरीच्या, अंगाने किरकोळ. त्यांच्या डोळ्यांवर जो चष्मा होता तो गेल्याच वर्षी चष्मेवाल्यांनी स्वतः नंबर तपासून दिला होता.

"तुम्हालाच हौस," बायको हळूच म्हणाली. "बरोबर नंबर द्यायची काय गरज होती?"

मालकीणबाईंनी नळ सोडून पाहिले, खिडकीच्या खाचेतून बोट फिरवले, पंख्याची पाती खालून न्याहाळली. निळ्या फुलांपाशी त्या जरा थबकल्या. "ही माझ्या पसंतीची," त्या म्हणाल्या आणि चक्क हसल्या. चष्मेवाल्यांनी मनातल्या मनात टेम्पो सुरू केला. मग बाई बाहेरच्या खोलीत आल्या, आणि दिवाणाच्या मोकळ्या जागेसमोर उभ्या राहिल्या.

"इथलं कुठे गेलं?"

"काय?" चष्मेवाल्यांनी विचारले.

"इथे होतं ते."

"डाग होय?" बायको दवाखान्यातल्या आवाजात म्हणाली. "तो गेला. पूर्ण गेला. मुळापासून काढून घेतला."

मालकीणबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. भिंत तशीच पांढरी राहिली.

"तो डाग नव्हता," त्या म्हणाल्या. "ते आमचे हे होते."

कोणत्याही सफाईच्या पत्रकात अशा प्रसंगी काय करावे याची सूचना आढळत नाही. बायको खिडकीच्या कट्ट्याकडे बघून म्हणाली, "बसा ना जरा," आणि बाई तिथे टेकल्या.

"रोज संध्याकाळी दिवाणावर बसून पेपर वाचायचे," त्या म्हणाल्या. "पाठ टेकून, डोकं असं मागे. मी ओरडायची, भिंत खराब होतेय. तर म्हणायचे, भिंत आपलीच आहे. ते गेल्यावर रंग द्यायला माणूस आला. मी म्हटलं, ती भिंत सोड. पण समोर बसवेना हो मला. सारखं वाटायचं आता चहा मागतील. म्हणून मी वर गेले राहायला. खाली आहेत म्हटलं की झोप लागायची."

चष्मेवाल्यांच्या मनात एक गोष्ट घोळत होती. ती सांगावी की नाही ते कळेना, पण सांगितली.

"मीसुद्धा तिथेच टेकून बसायचो. रोज."

"माहीत आहे की," बाई म्हणाल्या. "त्याशिवाय टिकले असते का ते? तुमच्या आधीचा भाडेकरू उंच होता. त्याच्या वेळी हे वर सरकले होते. त्याच्याही आधी एक बाई होत्या, त्या तेलच लावत नसत. अगदी वाळले होते तेव्हा. मग तुम्ही आलात."

चष्मेवाल्यांना घर बघायला आलो तो दिवस आठवला. घर बघायला बरीच माणसे आली होती. बाईंनी प्रत्येकाला त्याच भिंतीला टेकवून बसवले होते, आणि यांच्या चेहऱ्याकडे न बघता कपाळाच्या जरा वर बघून "तुम्हाला दिलं" असे म्हटले होते. त्या बाई कपाळ बघून माणूस ओळखतात, आणि इतक्या जणांतून त्यांनी मला निवडले, हे चष्मेवाले तेव्हापासून दुकानात सांगत आले होते. निदान अर्ध्या गिऱ्हाइकांना ही हकिकत पाठ होती.

"म्हणजे उंची बघून?" त्यांनी विचारले.

"उंची आणि तेल," बाई म्हणाल्या. "स्वभाव काय, कळतोच पुढे."

एवढ्यात नव्या मालकाचा फोन आला. फोन अजून आला नाही, असे सांगायला त्याने फोन केला होता. जिन्यातले कुटुंब आता दारापाशी आले आहे, असेही त्याने सुचवले. खाली टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला.

"मी त्यांना काय सांगू?" बाई अगदी शांतपणे म्हणाल्या. "जसं दिलं तसं परत मिळालं नाही. खोटं कसं बोलू?"

करार त्यांच्या बाजूने होता. कराराला डागाचे काही पडलेले नव्हते, त्याला मूळ स्थिती हवी होती.

चष्मेवाल्यांनी बायकोकडे पाहिले. बायकोने त्यांच्या डोक्याकडे पाहिले.

"जरा वेळ लागेल," ती म्हणाली. "मग बरं वाटेल."

यानंतरची कार्यवाही पुढीलप्रमाणे झाली. दिवाण टेम्पोत सर्वांत आधी चढवला असल्यामुळे सर्वांत आत होता. म्हणून आधी बाकीचे सामान रस्त्यावर उतरवण्यात आले. (येणारेजाणारे त्याची किंमत विचारू लागले. टेम्पोवाल्याने एका खुर्चीचा सौदा जवळजवळ ठरवला होता.) दिवाण वर आणला. तेलाची बाटली कोणत्या खोक्यात आहे हे बघण्यासाठी खोक्यांवरची नावे वाचली, तर बहुतेकांवर 'इतर' लिहिलेले होते. बाटली शेवटी 'देव्हारा आणि बूट' या खोक्यात सापडली. हे नाव कुणी आणि कोणत्या मनःस्थितीत दिले याची चौकशी पुढे ढकलण्यात आली.

चष्मेवाल्यांनी डोक्याला सढळ हाताने तेल चोपडले आणि भिंतीला टेकले.

"थोडं डावीकडे," बाई म्हणाल्या. "खाली. एवढं नाही."

पेपर हवा होता. कपबशा गुंडाळलेला एक जुना पेपर सरळ करून देण्यात आला. चष्मेवाले मोठ्याने वाचू लागले.

"ते मनात वाचायचे. मधेच हं म्हणायचे."

"हं," चष्मेवाले म्हणाले.

"असं नाही. कुणावर तरी वैतागल्यासारखं."

चष्मेवाल्यांनी पेपरात वैताग येण्याजोगे काही शोधले. ते लगेच मिळाले. "हं," ते म्हणाले.

बाईंनी हात मांडीवर घेतले आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. थोड्या वेळाने, तशाच बाहेर बघत, त्या म्हणाल्या, "चहा ठेवू का?"

हा प्रश्न नक्की कोणाला होता हे चष्मेवाल्यांना कळले नाही. पण इतकी वर्षे ज्या जागी डोके टेकले त्या जागेच्या वतीने बोलणे भाग होते. "ठेव," ते म्हणाले, आणि एकेरी बोललो म्हणून त्यांचे कान लाल झाले. बाई मात्र उठल्या आणि चहा करायला वर गेल्या. त्यांच्या चालीत काही वर्षे कमी झाल्यासारखी वाटली, असे बायकोने नंतर सांगितले.

अडचण एकच होती. भिंतीवर तेल धरत नव्हते. कंपनीचे काम चोख होते. चष्मेवाल्यांनी डोके घासले, दाबले, कूस बदलली. चहाचे दोन कप झाले, पेपर शेवटच्या पानावरच्या कोड्यापर्यंत आला, तेव्हा कुठे भिंतीवर एक फिकट, बशीएवढी सावली उमटली. नेमक्या त्याच वेळी ताई आत आल्या. त्यांची एक घासणी राहिली होती.

त्यांनी भिंतीकडे पाहिले. मग चष्मेवाल्यांकडे. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दुःख होते.

"अजून संध्याकाळ पण झाली नाही," त्या म्हणाल्या आणि पिशवीतून छोटी बाटली काढली. "सरका."

मालकीणबाई भिंतीसमोर उभ्या राहिल्या. "हात लावायचा नाही."

"बाई, हमी आहे आमची. आम्ही गेलो आणि मागे डाग राहिला, असं आजवर झालेलं नाही."

"हा डाग नाही."

"मग काय आहे?"

बाईंनी सांगितले. पुन्हा सगळे, पेपरापासून चहापर्यंत. बायकोने मधे मधे खुलासे केले. चष्मेवाले डोके न हलवता बसून होते, कारण कडा अजून ओली होती. ताईंनी सगळे ऐकून घेतले. मग बाटलीचे झाकण लावले आणि खूप वेळ विचार केला. एकीकडे कंपनीचा लौकिक होता, दुसरीकडे माणूस होता, तोही फिकट.

"डाग असेल तर मला काढावाच लागेल," त्या शेवटी म्हणाल्या. "पण घरातल्या वस्तूला आम्ही हात लावत नाही."

त्यांनी खिशातला कागद काढला. त्यावर घरमालकाच्या वस्तूंची यादी होती: पंखे, दिवे, पडद्यांचे दांडे, पाण्याची टाकी. ताईंनी पेन मागितले. (घरात फक्त टोपणे होती. पेन टेम्पोवाल्याने दिले.) आणि खालच्या मोकळ्या जागेत त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिले: 'साहेब, एक. बाहेरच्या खोलीत. चालू स्थितीत.'

मालकीणबाईंनी ते दोनदा वाचले. मग त्यांनी नव्या मालकाला फोन लावला. चष्मेवाले कान देऊन ऐकत होते.

"घर जसं दिलं तसं परत मिळालं," बाई म्हणाल्या. "माणसं चांगली आहेत. नवऱ्याला भिंतीला टेकायची सवय आहे तेवढी. नाही, नाही, तक्रार नाही. सुचवतेय. त्याला चांगली भिंत द्या."

किल्ली मिळाली. सामान दुसऱ्यांदा चढले. दिवाण मात्र बाईंनी ठेवून घेतला, आणि त्याची भरपाई म्हणून वरचा स्वतःचा दिला, जो जास्त चांगला होता. चष्मेवाल्यांना नव्या घरी दिवाण भिंतीपासून चांगला दूर ठेवावा लागला, कारण नव्या मालकाने करारात पाठ ताठ ठेवून बसण्याचे कलम घातले होते.

जुन्या घरात पुढे एक कापडाच्या दुकानातली मुलगी राहायला आली. कामसू, नीटनेटकी, पण बुटकी. तिच्याखाली दोन उशा देऊन पाहिल्या, तरी डोके पोचेना. तेव्हा बाईंनी चष्मेवाल्यांना निरोप धाडला. आता ते दर शनिवारी दुकान बंद करून, डोक्याला तेल लावून तिकडे जातात. पाऊण तास बसतात, पेपर वाचतात, मधे हं म्हणतात. चहा मिळतो. मुलीला ही व्यवस्था पसंत आहे, कारण त्या वेळात नळ गळत असेल तर ते बघतात. बायकोला प्रथम हे चमत्कारिक वाटले. पण नवरा आठवड्यातून पाऊण तास कुठे असतो, काय करतो आणि कुठे डोके टेकतो हे नक्की माहीत असणे, हे सुख फार थोड्या बायकांच्या वाट्याला येते, असे तिच्या लक्षात आले. साहेब पुन्हा ताटाएवढे झाले आहेत. बाई म्हणतात, जरा सुटलेत.

सुज्ञ वाचकांना या प्रकाराचे हसू येणे स्वाभाविक आहे. त्यांनी जरूर हसावे, फक्त हसताना डोके हलवू नये. कारण हे वाचताना आपण ज्या कशाला टेकला आहात, तिथे आपलेही काम चांगले चालू आहे. आपल्याला ते दिसत नाही, कारण ते कायम आपल्या मागे असते. घरच्यांना रोज दिसते. आपल्या पश्चात ते जपायचे, की रंगाऱ्याला पहिल्यांदा तीच भिंत दाखवायची, हे त्यांनी आपसांत कधीच ठरवून ठेवले आहे. विचारून पाहायला हरकत नाही. ते "काहीतरीच काय" असे म्हणतीलच. पण ते म्हणण्याआधी एकमेकांकडे बघतात का, तेवढे मात्र नीट बघा.